रॉजर, मेडे, टेन-फोर: वायरलेसवरच्या बोलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी लोकांच्या वायरलेसचं, टेबल मांडून बसलो की पहिला प्रश्न कधीच अँटेनाचा नसतो. "काका, तुम्ही 'ओव्हर अँड आउट' म्हणता का?" हा असतो. दुसरा 'रॉजर'चा. पालकही मागे नसतात, फक्त ते मुलाच्या आडून विचारतात. तीच तीच उत्तरं तोंडी देऊन कंटाळलो, म्हणून एकदा लिहून काढली. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: यातला जवळपास प्रत्येक शब्द यंत्राच्या कुठल्या तरी उणिवेतून जन्मला आहे. खरखर, उशीर, एका वेळी एकानेच बोलायची सक्ती. सिनेमावाल्यांनी शब्द तेवढे उचलले, उणीव तिथेच ठेवली.

'रॉजर' हा कोण होता?

कोणीच नव्हता. तारायंत्राच्या काळात संदेश नीट मिळाला की पलीकडचा तारमास्तर मोर्समध्ये, म्हणजे ठिपके-रेघांच्या लिपीत, फक्त 'आर' हे अक्षर कडकट्ट करून पाठवायचा. 'रिसीव्ड'मधला 'आर'. पुढे तोंडाने बोलायचे संच विमानांत आणि रणगाड्यांत बसले. इंजिनाच्या आवाजात नुसतं 'आर' कुणाला ऐकू येणार? म्हणून अक्षराऐवजी त्याला ठरवून दिलेलं नाव घ्यायची पद्धत होती. अमेरिकी सैन्याच्या १९४१ च्या वर्णमालेत ए म्हणजे एबल, बी म्हणजे बेकर आणि आर म्हणजे रॉजर. ब्रिटिश हवाई दलात तेव्हा 'आर'ला रॉबर्ट म्हणत. युद्धात दोन्ही सैन्यांना एकमेकांशी बोलायची वेळ आली, १९४३ मध्ये ब्रिटिशांनी अमेरिकी यादी स्वीकारली आणि रॉबर्ट मागे पडला.

१९५६ साली नवी आंतरराष्ट्रीय वर्णमाला लागू झाली. त्यात 'आर' झाला रोमिओ. नियमाने पाहिलं तर त्या दिवसापासून वैमानिकांनी 'रोमिओ' म्हणायला हवं होतं. पण तोवर 'रॉजर' हे अक्षराचं नाव उरलंच नव्हतं, तो स्वतःच्या पायावर उभा राहिलेला शब्द झाला होता. झालं ते बरंच झालं. "कंट्रोल, रोमिओ" असं आपला एखादा हवालदार वायरलेसवर म्हणाला असता, तर पलीकडून आधी "कुठल्या कॉलेजबाहेर?" अशी विचारणा आली असती.

म्हणजे 'रॉजर'चा अर्थ 'हो' ना?

नाही. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. 'रॉजर' म्हणजे 'तुझं बोलणं पूर्ण मिळालं', बस. पटलं की नाही, करणार की नाही, याबद्दल त्यात एक अक्षरही नाही. आईने "येताना दूध आण" असा मेसेज टाकला आणि चिरंजीवांनी "रॉजर" लिहिलं, तर दूध आणायचं वचन त्यांनी दिलेलं नाही, हे मातोश्रींनी लक्षात ठेवावं.

'सांगितलं ते करतो' यासाठी 'विल्को' आहे. 'विल कम्प्लाय' या दोन शब्दांची डोकी जोडून केलेला. म्हणून 'रॉजर विल्को' ही द्विरुक्ती आहे. करतो म्हणणाऱ्याने ऐकलेलं असणारच. आणि 'हो'साठी वैमानिक 'अफर्म' म्हणतात. पूर्ण 'अफर्मेटिव्ह' म्हणत नाहीत, कारण त्याची शेपटी आणि 'निगेटिव्ह'ची शेपटी एकच. पुढचा अर्धा शब्द खरखरीने खाल्ला तर 'टिव्ह' एवढंच कानी पडतं आणि हो की नाही ते कळत नाही.

'ओव्हर अँड आउट' चुकीचं का?

साध्या वॉकीटॉकीवर एका वारंवारतेवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. बटण दाबून धरलं की तुमचा संच बोलतो आणि बहिरा होतो. सोडलं की ऐकतो आणि मुका होतो. टेलिफोनसारखं मध्येच "हं, हं" करता येत नाही. त्यामुळे माझं बोलणं संपलं, आता तू बटण दाब, हे सांगायला काहीतरी खूण लागते. ती खूण म्हणजे 'ओव्हर'. आणि संभाषणच संपलं, आता उत्तराची वाट पाहत नाही, हे सांगायला 'आउट'.

आता दोन्ही एका दमात म्हणून बघा. "तू बोल, मी चाललो." लग्नघरी पाहुण्यांना पानावर बसवून यजमानाने चप्पल घालावी, तसं. खऱ्या वायरलेसवर असं कोणी म्हणत नाही. प्रशिक्षणात तर हे पहिल्याच दिवशी डोक्यातून काढून टाकतात. पण पडद्यावर दृश्य संपवायला ते फार झोकात वाजतं. नुसतं 'आउट' तोकडं वाटतं, 'ओव्हर अँड आउट'ला पडदा पडल्याची लय आहे. हिंदी सिनेमातल्या फौजींनी, पोलिसांनी आणि गुप्तहेरांनी ते इतक्या वेळा म्हटलं आहे की आता दुरुस्त करायला जाणारा माणूसच चुकीचा ठरतो. मी मुलांच्या खेळात ते दुरुस्त करणं सोडून दिलं आहे.

आणि 'कॉपी'?

उतरवून घेणे. तारमास्तर कानाने ठिपके-रेघा ऐकत आणि हाताने कागदावर अक्षरं उतरवत. त्या कामाला 'कॉपी करणं' म्हणत. कागद गेला, शब्द राहिला.

'मेडे'चा मे महिन्याशी किंवा कामगार दिनाशी संबंध आहे का?

काडीचाही नाही. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर फ्रेडरिक मॉकफर्ड नावाचे वरिष्ठ रेडिओ अधिकारी होते. संकटात सापडलेल्या वैमानिकाने काय ओरडावं, म्हणजे जमिनीवरच्या माणसाला चटकन कळेल, असा शब्द सुचवायचं काम त्यांच्याकडे आलं. क्रॉयडनहून बरीचशी विमानं पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळावर जात, म्हणजे ऐकणारा इंग्रज असेल किंवा फ्रेंच. फ्रेंचमध्ये 'मला मदत करा' याला 'मेदे' असं काहीसं म्हणतात. इंग्रजी कानाला ते 'मेडे' ऐकू येतं. दोघांचंही काम झालं.

एसओएस का नाही चाललं? तेही यंत्रामुळेच. मोर्समध्ये ते ठसठशीत आहे, पण तोंडाने 'एस' म्हटलं की वाईट लाइनवर तो 'एफ' आहे की 'एस' हे देवालाही कळत नाही. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत 'मेडे'ला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. ते तीनदा म्हणायचं असतं, म्हणजे कुणीतरी 'मेडे' या शब्दाबद्दल बोलतंय आणि कुणीतरी खरंच बुडतंय यातला फरक कळतो.

त्याचा एक धाकटा भाऊ आहे, 'पॅन-पॅन'. तोही फ्रेंच, 'पान' म्हणजे बिघाड या शब्दावरून. जीव जायची वेळ आलेली नाही पण तातडी आहे, अशा वेळी. सिनेमाने त्याच्याकडे पार दुर्लक्ष केलं. बिघाडात नाट्य कमी असावं.

एसओएस म्हणजे 'सेव्ह अवर सोल्स' असं शाळेत शिकवलं होतं…

मलाही. ते नंतर चिकटवलेलं आहे. ही तीन अक्षरं नाहीतच मुळी. तीन ठिपके, तीन रेघा, तीन ठिपके अशी सलग, मध्ये न थांबता वाजवायची एक खूण आहे. कुठूनही ऐकायला सुरुवात केली तरी ओळखू येते म्हणून निवडलेली. जर्मनीने १९०५ मध्ये ती नियमांत घातली, १९०६ च्या बर्लिन परिषदेने स्वीकारली आणि १ जुलै १९०८ पासून ती लागू झाली.

त्याआधी मार्कोनी या वायरलेस कंपनीच्या माणसांचा वेगळा इशारा होता, सीक्यूडी. 'सीक्यू' म्हणजे सर्व केंद्रांना हाक, 'डी' म्हणजे संकट. त्याचाही 'कम क्विक, डेंजर' असा विस्तार लोकांनी मागाहून केला. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिकवरचा वायरलेस सांभाळणाऱ्या जॅक फिलिप्सने आधी जुना सीक्यूडी पाठवला, मग सहकारी हॅरल्ड ब्राइडच्या सांगण्यावरून एसओएसही. जगाच्या कानावर एसओएस खऱ्या अर्थाने पडलं ते तिथून.

जाता जाता: जुन्या नोकिया फोनवर मेसेज आल्यावर जी डिट-डिट-डिट, डा-डा, डिट-डिट-डिट वाजायची, ती आठवते? अनेकांना ती एसओएस वाटायची. नीट मोजा, मधे दोनच रेघा आहेत. दोन रेघा म्हणजे 'एम'. मोर्समध्ये ते 'एसएमएस' आहे.

'टेन-फोर' काय प्रकार आहे? दहा का आणि चार का?

हा माझा सर्वांत आवडता, कारण यात यंत्राची खोड अगदी उघडी दिसते. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या पोलिसांत चार्ल्स हॉपर हे संपर्क विभागाचे प्रमुख होते. पेसोटम या गावी असलेल्या जिल्हा क्रमांक १० मध्ये. पोलिसांना मोजक्याच वारंवारता मिळाल्या होत्या, गाड्या वाढत होत्या, आणि प्रत्येक शिपाई बटण दाबून कहाणी सांगत बसायचा. हॉपर यांनी नेहमीच्या वाक्यांना आकडे दिले. चार म्हणजे 'मिळालं', वीस म्हणजे 'ठिकाण' वगैरे.

मग आधी 'टेन' कशाला? त्या काळच्या गाडीतल्या संचात मोटरवर चालणारं जनित्र असे. बटण दाबल्यावर त्याला गती घ्यायला क्षणभर लागायचा आणि तेवढ्यात उच्चारलेलं पहिलं अक्षर हवेतच विरायचं. नुसतं 'फोर' म्हटलं तर 'ओर' पोचणार. म्हणून पुढे एक बळीचा बकरा ठेवला, 'टेन'. तो कापला गेला तरी काही बिघडत नाही, खरा आकडा शाबूत राहतो. जनित्रं कधीच भंगारात गेली, पण 'टेन' अजून म्हणतात.

लोकांच्या तोंडी ते बसवलं टीव्हीने. १९५५ ते १९५९ या काळात 'हायवे पेट्रोल' ही मालिका चालली. तिचा नायक ब्रॉडरिक क्रॉफर्ड गाडीला रेलून हातात मायक्रोफोन घेऊन 'टेन-फोर' म्हणायचा, आणि अमेरिकेतली पोरं ते गल्लीत म्हणायची.

गंमत अशी की पोलिसांसाठी ही युक्ती पुढे डोकेदुखी झाली. प्रत्येक शहराने आपापले आकडे फिरवले. एका गावात ज्या आकड्याचा अर्थ अपघात, शेजारच्या गावात त्याचा अर्थ भलताच. मोठ्या आपत्तीत चार जिल्ह्यांचे पोलीस आणि अग्निशमन दल एकत्र आले की कोणी कोणाला समजेना. २००६ पासून तिथल्या केंद्र सरकारने अनेक यंत्रणा एकत्र काम करत असताना साध्या भाषेतच बोला, असा आग्रह धरला. साठ-सत्तर वर्षं फिरून गाडी पुन्हा "तुमचं ऐकू आलं" वर आली.

मग ट्रकवाले यात कसे आले?

तेलामुळे. १९५८ पासून अमेरिकेत २७ मेगाहर्ट्झच्या आसपास तेवीस चॅनेल सामान्य नागरिकांना मोकळे होते, सिटिझन्स बँड म्हणजे सीबी. छोटे दुकानदार, दुरुस्तीवाले ते वापरत. परवाना लागायचा, पण परीक्षा नव्हती. १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखलं. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि १९७४ च्या सुरुवातीला देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा आली. अनेक ट्रकचालकांना पैसे मैलावर मिळत. वेग कमी म्हणजे कमाई कमी. त्यांनी गाडीत सीबी बसवला आणि एकमेकांना दोन गोष्टी सांगायला लागले: डिझेल कुठे मिळतंय आणि पोलीस कुठे दबा धरून आहेत.

दुसरी गोष्ट उघड नावाने सांगण्यासारखी नव्हती. परवान्यासोबत मिळालेला अधिकृत कॉल साइन, म्हणजे ओळखीचा संकेत, बाजूला ठेवून लोक टोपणनावं घ्यायला लागले. त्याला 'हँडल' म्हणत. आज इंटरनेटवर आपण 'हँडल' म्हणतो, तो शब्द सीबीवर असा घराघरांत गेला. आणि पोलिसांना नाव पडलं 'स्मोकी'. जंगलातल्या वणव्यांविरुद्धच्या सरकारी जाहिरातीत १९४४ पासून स्मोकी नावाचं एक अस्वल आहे, रुंद काठाची टोपी घातलेलं. तशीच टोपी राज्य पोलिसांची. एकदा पोलीस अस्वल झाल्यावर बाकी शब्दसंपदा आपोआप आली. हेलिकॉप्टरमधून पाळत ठेवणारा तो 'हवेतलं अस्वल', रडार घेऊन दडलेला तो 'अस्वलाचा सापळा'. आपल्याकडे "पुढे मामा उभे आहेत" म्हणतात, तीच जात.

'व्हॉट्स युअर ट्वेन्टी' म्हणजे कुठे आहेस, हे पोलिसांच्या 'टेन-ट्वेन्टी'चंच पोर. ज्यांना चुकवायचं त्यांचीच भाषा उसनी घेतली, यात मला तरी मोठी मौज वाटते. 'ब्रेकर वन-नाइन' म्हणजे एकोणीस नंबरच्या चॅनेलवर मला मध्ये बोलू द्या. एकोणीस ट्रकवाल्यांचा, नऊ संकटाचा. 'हॅमर डाउन' म्हणजे दाबा ॲक्सिलरेटर. 'गुड बडी' तेव्हा नुसतं 'मित्रा' होतं. पुढे ट्रकवाल्यांतच त्याचा अर्थ फिरला आणि ते टोमण्याचं झालं, तेव्हा जुनी गाणी ऐकून कुठे वापरू नका.

गाण्यांवरून आठवलं. १९७५ च्या अखेरीस 'कॉन्व्हॉय' नावाचं गाणं आलं आणि १९७६ च्या जानेवारीत ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. जवळजवळ सगळं गाणं सीबीच्या बोलीत. गायक सी. डब्ल्यू. मॅकॉल असं छापलेलं असे, पण असा माणूसच नव्हता. ओमाहामधल्या जाहिरात क्षेत्रातले बिल फ्राइज यांनी पावाच्या जाहिरातीसाठी उभं केलेलं ते पात्र. १९७७ मध्ये 'स्मोकी अँड द बँडिट' आला, १९७८ मध्ये त्या गाण्यावरच सिनेमा निघाला. तोवर गर्दी इतकी झाली होती की १९७७ पासून तेविसाचे चाळीस चॅनेल करावे लागले. अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड १९७६ च्या प्रचारात सीबीवर यायच्या. त्यांचं हँडल 'फर्स्ट मामा'. (इथे मामा म्हणजे आई. वरचे मामा वेगळे.)

आपल्या ट्रकवाल्यांनी सीबी का नाही घेतला?

ज्या देशात नुसता रेडिओ ऐकायलाही पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे, आणि तेही १९८०च्या दशकापर्यंत, तिथे ट्रकमध्ये बोलणारा संच कोण बसवणार? सीबीची वारंवारता आपल्याकडे परवान्याविना खुली झाली ती २००५ मध्ये, कमी शक्तीच्या संचांसाठी. तोवर मोबाइल आला होता.

आपल्या ट्रकांची बोली वेगळ्या वाटेने वाढली: मागच्या फळीवर, हाताच्या खुणांत आणि डिपरच्या उघडझापीत. समोरून येणारा दोनदा डिपर मारतो, तेव्हा पुढे आरटीओ आहे हे कळायला शब्द लागत नाही. 'हॉर्न ओके प्लीज' वर महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये बंदी आणली, तरी घाटात एखादी जुनी फळी दिसतेच.

अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही यादी कोणी बनवली?

एका माणसाने नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सिग्नलवाले 'ए'ला 'ॲक', 'पी'ला 'पिप' आणि 'एम'ला 'एमा' म्हणत. त्यामुळे सकाळचे सहा म्हणजे 'सिक्स ॲक एमा' आणि दुपार झाली की 'पिप एमा'. विमानविरोधी तोफांना 'ॲक-ॲक' म्हणतात ते तिथलंच, अँटी-एअरक्राफ्टची आद्याक्षरं.

दुसऱ्या महायुद्धातली एबल-बेकर यादी इंग्रजी कानांसाठी होती. युद्धानंतर नागरी विमानं सगळीकडे उडायला लागली तेव्हा स्पॅनिश, फ्रेंच, इंग्रजी बोलणाऱ्या सगळ्यांना उच्चारता येतील असे शब्द हवे होते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने माँट्रियल विद्यापीठातले भाषातज्ज्ञ झाँ-पॉल व्हिने यांची मदत घेतली. १९५१ मध्ये पहिली यादी आली. तिच्यात चार्लीच्या जागी 'कोका' आणि नोव्हेंबरच्या जागी 'नेक्टर' होतं. वैमानिकांनी कुरकुर केली. ३१ देशांच्या लोकांवर चाचण्या झाल्या, पाच शब्द बदलले आणि १ मार्च १९५६ पासून आजची यादी लागू झाली. 'अल्फा'च्या रोमन स्पेलिंगमध्ये 'पीएच' ऐवजी 'एफ' आहे आणि 'ज्युलिएट'ला शेवटी दोन 'टी' आहेत. एकच ठेवला असता तर फ्रेंच माणसाने तो गिळला असता. नऊला 'नायनर' म्हणतात, कारण 'नाइन' आणि 'फाइव्ह' खरखरीत जुळे भाऊ वाटतात.

व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिक शत्रूला 'चार्ली' म्हणायचे, तोही याच यादीचा प्रसाद. व्हिएतकाँगची आद्याक्षरं व्ही आणि सी, म्हणजे 'व्हिक्टर चार्ली'. त्यातलं पहिलं नाव गळलं.

आपल्याकडे बँकेच्या कॉल सेंटरला नाव सांगताना कोणी 'डेल्टा' म्हणत नाही. 'डी फॉर दिल्ली', 'बी फॉर बॉम्बे', 'एम फॉर मदर'. शहराचं नाव बदलून इतकी वर्षं झाली, तरी 'बी फॉर बॉम्बे' गेलं नाही. आणि मुंबईत पोलीस ठाण्याच्या गस्ती गाडीला अजून 'पीटर मोबाइल' म्हणतात. एबल-बेकर यादीत 'पी' म्हणजे पीटरच होता. आजच्या यादीत तो 'पापा' आहे. गाडीचं बारसं वेळेवर झालं म्हणायचं.

'ब्राव्हो झुलु' ही शाबासकी कशी झाली?

मित्रराष्ट्रांच्या नौदलांच्या संकेतपुस्तकात 'बीझेड' या जोडाक्षराचा अर्थ 'काम उत्तम झालं' असा आहे. त्याचा उच्चार ब्राव्हो झुलु. आपल्या नौदलातही सर्रास चालतं. मुंबईच्या नौदल वसाहतीत वाढलेल्या मुलांना दहावीच्या निकालालाही हेच ऐकायला मिळतं.

'ह्यूस्टन, वी हॅव अ प्रॉब्लेम' असं खरंच म्हटलं होतं?

जवळपास. १९७० च्या एप्रिलमध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ यानात ऑक्सिजनची टाकी फुटली तेव्हा त्यातले अंतराळवीर जॅक स्विगर्ट भूतकाळात बोलले: अडचण 'आली होती' अशा अर्थाचं. जमिनीवरून "पुन्हा सांगा" असं उत्तर गेलं आणि यानाचे प्रमुख जिम लॉव्हेल यांनी तेच वाक्य परत म्हटलं. १९९५ च्या सिनेमात ते वर्तमानकाळात केलं, कारण भूतकाळात संकट संपल्यासारखं वाटतं. नाट्याच्या दृष्टीने बदल योग्यच. पण आज जग जे वाक्य म्हणतं ते पटकथेतलं आहे, अवकाशातलं नाही.

त्या अवकाशसंवादांत प्रत्येक वाक्यानंतर 'बीप' का वाजतो?

त्याला क्विंडार टोन म्हणतात. ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रातून आवाज आधी टेलिफोनच्या तारांनी जगभरच्या केंद्रांपर्यंत जायचा आणि तिथून वर अवकाशात. दूरच्या केंद्रातला प्रक्षेपक कधी चालू आणि कधी बंद करायचा हे सांगायला त्याच तारेवरून पाव सेकंदाचा सूर पाठवत. सुरुवातीचा २५२५ हर्ट्झ, शेवटचा २४७५, म्हणून दोन्हींत किंचित फरक जाणवतो. म्हणजे तो अंतराळाचा आवाज नाही, भाड्याने घेतलेल्या टेलिफोन लाइनचा आहे. सिनेमात मात्र तो वाजला नाही तर प्रेक्षकाला आपण अंतराळात आहोत असं वाटतच नाही.

'रिपीट' न म्हणता 'से अगेन' का म्हणतात?

तोफखान्यात 'रिपीट' म्हणजे त्याच जागी पुन्हा गोळे टाका. ऐकू आलं नाही म्हणून चुकून म्हणायचा शब्द नव्हे.

एवढी काटेकोर भाषा खरंच लागते का? साधं 'ओके' म्हटलं तर काय बिघडतं?

२७ मार्च १९७७. कॅनरी बेटांतलं टेनेरीफ, लॉस रोडिओस विमानतळ, दाट धुकं. एकाच धावपट्टीवर दोन बोइंग ७४७, एक केएलएम या डच कंपनीचं, दुसरं पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचं. केएलएमच्या सहवैमानिकाने "आम्ही आता टेक-ऑफला आहोत" अशा अर्थाचं संदिग्ध वाक्य उच्चारलं. नियंत्रकाला वाटलं, उभे आहेत. प्रत्यक्षात विमान धावायला लागलं होतं. नियंत्रक आधी "ओके" म्हणाला, क्षणभर थांबून पुढे "टेक-ऑफसाठी थांबा, मी सांगतो" म्हणाला. नेमकं त्याच वेळी पॅन ॲमचं विमानही "आम्ही अजून धावपट्टीवर आहोत" हे सांगायला बोललं. एका वारंवारतेवर दोघं बोलले की कोणाचंच पोचत नाही, शिटी ऐकू येते. केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके' पोचलं, त्यापुढचं कामाचं सगळं शिटीत बुडालं. ५८३ माणसं गेली.

त्यानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करताना उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं, असा दंडक झाला. परवानगीला उत्तर म्हणून नुसतं 'रॉजर' चालत नाही, ऐकलेले शब्द परत म्हणून दाखवावे लागतात.

लढाऊ वैमानिकांचे 'बोगी', 'बँडिट' कुठले?

बरेचसे ब्रिटिश हवाई दलाचे, दुसऱ्या महायुद्धातले. बोगी म्हणजे मूळचं भूत. ओळख न पटलेलं विमान. ओळख पटून शत्रूचं निघालं की बँडिट. उंची सांगायला 'एंजल्स': एंजल्स फिफ्टीन म्हणजे पंधरा हजार फूट. शत्रू डोळ्यांनी दिसला की 'टॅली-हो', कोल्ह्याच्या शिकारीतली आरोळी. उतरायचं असेल तर 'पॅनकेक'. वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी बनवलेली भाषा आहे, हे कळतंच.

तुम्ही हॅमवाले '७३' का म्हणता?

निरोप घेताना 'सप्रेम नमस्कार' अशा अर्थी. १८५९ मध्ये वेस्टर्न युनियनच्या तारकचेऱ्यांसाठी आकड्यांची एक यादी झाली, त्यातला हा. '८८' म्हणजे प्रेम आणि पापे, तो जपून पाठवावा. त्याच यादीतला '३०' म्हणजे 'समाप्त'. तो अमेरिकी वार्ताहर बातमीच्या तळाशी लिहीत.

हॅम बँडवर प्रत्येक पुरुष 'ओल्ड मॅन' असतो, मग तो सोळा वर्षांचा का असेना, आणि प्रत्येक स्त्री 'यंग लेडी', मग ती आजी का असेना. बायकोला 'एक्सवायएल', म्हणजे माजी यंग लेडी. हे आमच्या घरी एकदाच समजावून सांगितलं, पुन्हा नाही. 'हॅम' ही मुळात शिवीच होती, कच्च्या हाताच्या तारमास्तराला द्यायची. हौशी मंडळींनी ती मिरवायला घेतली. भारतात आमचे कॉल साइन व्हीयू २ किंवा व्हीयू ३ ने सुरू होतात. राजीव गांधींचा व्हीयू २ आरजी होता.

मराठीत यातलं काय रुजलं?

'रॉजर' आणि 'ओव्हर' वरवर. खरे रुजलेले शब्द वेगळेच आहेत आणि ते रेडिओचे आहेत हेही आपण विसरलो. "त्या दोघांचं ट्यूनिंग छान आहे." "आमची वेव्हलेंग्थ जुळत नाही." लग्न जमवणारी मावशीही हे बोलते, आणि तिने आयुष्यात कधी काटा फिरवून सिलोन लावलेलं असतं म्हणून ते तिला नेमकं कळतं. सरकारी मराठीने वायरलेसला 'बिनतारी संदेश' असं सुरेख नाव दिलं. ते पोलीस खात्याच्या पाटीवर आहे, तोंडात मात्र 'वायरलेस'.

एक हाक विसरू नये. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईतून उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांचा गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला. "काँग्रेस रेडिओ कॉलिंग, ४२.३४ मीटर्सवर, भारतात कुठूनतरी" अशी त्याची सुरुवात असे. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडेपर्यंत ते 'कुठूनतरी' पुन्हा पुन्हा जागा बदलत राहिलं.

गंमत म्हणून 'मेडे' म्हटलं तर?

म्हणू नका. खोटा संकटसंदेश हा गुन्हा आहे, आणि त्यामुळे खरी बोट शोधायला निघालेली माणसं तुमच्या मागे येतात. कोकण किनाऱ्यावरच्या मच्छीमार बोटींवरचा व्हीएचएफ संच याच कामासाठी चॅनेल सोळा ऐकत असतो. किनाऱ्यावरून कोणी अडचणीत दिसलं तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फिरवा.

'रॉजर'ला मराठी प्रतिशब्द काय?

'मिळालं.' अर्थ तंतोतंत, उच्चार स्वच्छ. एका संध्याकाळी साताऱ्याकडच्या एका ओल्ड मॅनशी बोलताना हौसेने वापरून पाहिला. तो थोडा वेळ गप्प. मग बटण दाबून म्हणाला, "काय मिळालं? ओव्हर."